पहिल्या पानावरची चूक

गेल्या पंधरवड्यात आमच्या दैनिकाच्या याच पानावर, तीन स्तंभांच्या मथळ्याखाली, शहरातील एका शाळेच्या मुख्याध्यापिकांविषयी एक बातमी प्रसिद्ध झाली. मुलांच्या पोषण आहाराचा तांदूळ परस्पर व्यापाऱ्यास विकण्यास बाईंनी संमती दिल्याचे त्यांच्याच सहीच्या पत्रावरून दिसते, असा तिचा आशय होता. ते पत्र बनावट होते. आमच्या हाती मूळ कागद आलाच नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेले त्याचे छायाचित्र तेवढे आले होते. त्यावर शाळेचा शिक्का होता, सही होती, जावक क्रमांकही होता. मात्र शाळेच्या नोंदवहीत तो क्रमांक दुसऱ्याच पत्रासमोर आहे, आणि पत्रावरील तारखेस रविवार होता. कचेरीच्या भिंतीवरील दिनदर्शिकेकडे कोणी मान वळविली असती तरी पुरे होते. बाईंना दूरध्वनी करून विचारण्याचे तर कोणास सुचलेही नाही.

याहून लाजिरवाणे ते पुढेच. चूक उघड झाल्यावर आम्ही पाचव्या पानावर, निविदांच्या जाहिरातींलगत, चार ओळींचा खुलासा छापिला. त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द होता. क्षमा हा शब्द नव्हता. ज्या पालकांनी बातमी वाचून शाळेच्या फाटकापाशी गर्दी केली, त्यांपैकी किती जणांनी निविदांच्या शेजारचे ते चौकट नसलेले टिपण वाचिले असेल? प्रस्तुत लेखकाने पूर्वी काही वर्षे शाळेत शिकविले आहे. विद्यार्थ्याच्या वहीत ज्या ओळीवर चूक असेल त्याच ओळीवर लाल शाई उमटवावयाची, वहीच्या शेवटच्या पानावर नव्हे, एवढा साधा नियम तेथे आम्ही पाळीत असू. येथे आल्यावर तो विसरलो.

मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात बनावट पत्रांचे एक प्रकरण फार जुने आहे. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा दिवाण बर्वे यांच्या कारभारात छळ होत आहे, असे ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी १८८१ च्या अखेरीस लिहिले. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी प्रकट केली, तरीही अब्रुनुकसानीच्या खटल्यात आगरकर आणि टिळक या दोघांस १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली व त्यांपैकी एकशे एक दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढिले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. आपल्याकडे या प्रकरणाचे स्मरण होते ते बहुधा त्या दोघांच्या धैर्यासाठी, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील दुसरी गोष्ट आम्हांस अधिक बोचते. महाराजांविषयीची चिंता निराधार नव्हती. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे, परक्यांच्या देखरेखीत, त्यांचा मृत्यू झाला. शंका खरी होती, कागद खोटा होता. आणि खोट्या कागदाने खऱ्या शंकेचेच बळ हरण केले. आमच्या बाबतीत तेच झाले. शाळांतील आहाराविषयी पालकांच्या तक्रारी पुष्कळ आहेत, त्यांतील काही खऱ्याही असतील. पण यापुढे आमचा बातमीदार कोठारात तांदूळ मोजावयास गेला, तर त्याच्या हातात प्रथम आमचीच बातमी ठेविली जाईल.

फिरत्या मजकुराची किंमत महाराष्ट्राने यापूर्वीच मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांस जमावाने ठार केले, ते मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून. त्या वेळी आम्ही अग्रलेख लिहून लोकांस विवेकाचा उपदेश केला होता. तोच विवेक आमच्या टेबलावर का नव्हता, याचे उत्तर आमच्यापाशी एकच आहे: घाई. दुसऱ्या कोणाच्या आधी छापावयाचे, एवढाच विचार त्या रात्री झाला.

कोणी म्हणेल, यासाठी कायदा असावा. केंद्र शासनाच्या कामकाजाविषयीचा कोणता मजकूर खोटा हे शासनाच्याच कक्षाने ठरवावे, अशी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरविली, तेव्हा आम्ही त्या निर्णयाचे स्वागत केले, आजही करतो. प्रेस कौन्सिल समज देऊ शकते, निषेध करू शकते, दंड करू शकत नाही. त्याबद्दलही आमची तक्रार नाही. पण खरेखोटे ठरविण्याचा अधिकार शासनास नको म्हणणाऱ्याने ते काम स्वतः केले पाहिजे, आणि आम्ही ते केले नाही. बातमी आणणारा तरुण बातमीदार नवखा आहे. ती पानावर घेण्याची संमती संपादकाची होती, म्हणून हा दोष संपादकाचा आहे.

मुख्याध्यापिकांची आम्ही निःसंदिग्ध शब्दांत क्षमा मागतो. आजपासून या दैनिकातील प्रत्येक दुरुस्ती, चूक ज्या पानावर झाली त्याच पानावर, चूक कशी झाली हे सांगून प्रसिद्ध होईल. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे विचारिल्यावाचून कोणतेही पत्र, चित्र वा ध्वनिफीत बातमीचा आधार म्हणून घेतली जाणार नाही. त्यामुळे एखादी बातमी आमच्याकडे एक दिवस उशिरा येईल. बाईंनी पाठविलेले निवेदन शेजारच्या स्तंभात, एकही शब्द न गाळता, दिले आहे. त्यातील तिसरा परिच्छेद आमच्याविषयी आहे, आणि तो कठोर आहे.