भांगेचा उतारा मोजणार कोण?

महाशिवरात्रीपासून धुळवडीपर्यंतच्या दिवसांत थंडाईतून, लाडवांतून किंवा भज्यांतून भांग पोटात जाते आणि काही जणांचा सण रुग्णालयात संपतो. 'एका पेल्याने काय होते?' हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. त्याचे खरे उत्तर असे, की त्या पेल्यात काय व किती आहे हे तो भरणाऱ्यालाही ठाऊक नसते.

इंदापूर तालुक्यातील भवानीनगर हे श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे गाव. तेथील ऊस उत्पादकाला 'उतारा' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शंभर किलो उसातून किती किलो साखर मिळाली, त्याचे ते प्रमाण. फडातला ऊस कितीही रसरशीत दिसला तरी उतारा डोळ्यांनी कळत नाही. उसाची जात, जमीन, तोडणीची वेळ आणि गाळपाला झालेला विलंब यांनुसार तो बदलतो. म्हणून कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस तपासला जातो. भांगेच्या पाल्याचेही तसेच आहे. मात्र घरी भांग घोटणाऱ्यापाशी प्रयोगशाळा नसते.

भांग, गांजा व चरस ही एकाच वनस्पतीची रूपे आहेत. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. नशा आणणारे प्रमुख द्रव्य टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजेच टीएचसी. इस्रायलमधील राफाएल मेशुलाम व येहिएल गाओनी या संशोधकांनी १९६४ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पानांत ते कमी आणि फुलोऱ्यात जास्त असते. पाल्यात थोडे फुलोरे मिसळले गेले तरी तोच गोळा कितीतरी पटींनी तीव्र होतो. शिवाय कच्च्या पानात हे द्रव्य बहुतांशी आम्लरूपात असते. पाने भाजली, उकळली किंवा तुपात परतली की उष्णतेने त्याचे नशा आणणाऱ्या रूपात रूपांतर होते. त्यामुळे सारख्याच वजनाच्या पाल्यापासून दोन घरांत वेगवेगळ्या ताकदीची थंडाई तयार होऊ शकते. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, दुधातुपातल्या स्निग्धांशात विरघळते. पातेले नीट ढवळले नाही तर वरचा पेला सौम्य आणि तळाचा जहाल निघतो.

आकड्यांत पाहिले तर अडचण अधिक स्पष्ट होते. कॅनडाच्या आरोग्य विभागाने नवख्यांना खाद्यपदार्थातून २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी टीएचसीने सुरुवात करण्याचा सल्ला दिला आहे. तेथे अशा पदार्थांच्या एका पाकिटात १० मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी ठेवता येत नाही. आता एक ग्रॅम वाळलेल्या पाल्यात टीएचसीचे प्रमाण एक टक्का धरले तर ते १० मिलिग्रॅम भरते, तीन टक्के धरले तर ३० मिलिग्रॅम. हा फरक नजरेला दिसत नाही, चवीला कळत नाही आणि स्वयंपाकघरातील चमच्याने मोजता येत नाही.

उशिरा चढते, म्हणून घात होतो

ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो. खाल्लेली भांग मात्र आधी पचते, यकृतात जाते आणि तेथे टीएचसीपासून आणखी एक प्रभावी नशाकारक द्रव्य तयार होते. परिणाम सुरू होण्यास अर्ध्या तासापासून दोन तास लागू शकतात. भरल्या पोटी आणखी उशीर होतो. पुढे तो बारा तासांपर्यंत टिकू शकतो. 'काहीच होत नाही' म्हणून घेतलेला दुसरा पेला पहिल्याबरोबरच चढतो. बहुतेक अनर्थांचे मूळ येथे आहे.

अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये मार्च २०१४ मध्ये एका १९ वर्षांच्या तरुणाने टीएचसी असलेल्या बिस्किटाचा एक तुकडा खाल्ला. तासाभरात काही जाणवले नाही म्हणून त्याने उरलेले बिस्किटही संपवले. एकूण मात्रा ६५ मिलिग्रॅम होती. नंतर तो असंबद्ध बोलू लागला आणि सुमारे अडीच तासांनी चौथ्या मजल्यावरून उडी मारल्याने त्याचा मृत्यू झाला. पाकिटावर मात्रा छापलेली असताना हे घडले.

काय करावे, काय टाळावे

अनोळखी व्यक्तीने दिलेला किंवा मिश्रणाची खात्री नसलेला पदार्थ न खाणे हीच खरी सुरक्षितता. भांगेत धोतऱ्याची भेसळ झाल्याची उदाहरणे आहेत आणि ती जिवावर बेतू शकते. हृदयविकार वा मानसिक आजार असलेल्यांनी, गर्भवती व स्तनदा मातांनी भांग पूर्णपणे टाळावी. सोबत मद्य घेऊ नये. भांग घेतलेल्याने त्या दिवशी वाहन वा यंत्र चालवू नये. उरलेले लाडू-पेढे मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. मुलाला ते साध्या मिठाईहून वेगळे ओळखता येत नाहीत.

नाडी जलद होणे, तोंड कोरडे पडणे, भीती वाटणे, काळाचे भान सुटणे ही लक्षणे दिसल्यास रुग्णाला शांत जागी बसवावे आणि एकटे सोडू नये. छातीत दुखणे, वारंवार उलट्या, भ्रम, झटके, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लहान मुलाने भांग खाल्ली असेल तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गुंगीतल्या माणसाला चिंचेचे पाणी, ताक वा लिंबू पाजू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बेशुद्ध व्यक्तीला कुशीवर वळवावे. डॉक्टरांपासून काहीही लपवू नये. भांगेवर खास उताऱ्याचे औषध नाही. श्वास, नाडी व रक्तदाब सांभाळत परिणाम ओसरू देणे हाच उपचार.

कायद्याबाबतही गैरसमज आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्याच्या व्याख्येतून फुलोऱ्याविना असलेली पाने वगळली आहेत. म्हणून भांग सर्वत्र मोकळी आहे असे मानले जाते. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना भांग तयार करणे, बाळगणे व सेवन करणे गुन्हा आहे. विनापरवाना झाडे लावल्यास केंद्रीय कायद्यान्वये दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. सणाला थंडाई हवीच असेल, तर बदाम, बडीशेप, खसखस, मिरी आणि गुलाबपाकळ्यांची थंडाई भांगेविनाही पुरेशी रुचकर होते.