फिरत्या घरांना मुक्ताईनगरचा मुक्काम

चाकांवरचे घर घेऊन हिंडावे, मनाजोगे स्थळ दिसताच दोन दिवस राहावे आणि पुन्हा वाटेला लागावे, ही कल्पना महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये धोरण म्हणून स्वीकारली. कॅराव्हॅन पर्यटनाच्या या धोरणानुसार फिरती घरे चालविणाऱ्यांना आणि त्यांच्यासाठी वाहनतळ उभारणाऱ्यांना मुद्रांक शुल्क, वीजशुल्क व वस्तू आणि सेवा कर यांत सवलती मिळू शकतात. जिथे हॉटेले नाहीत आणि पक्की बांधकामे करणे इष्टही नाही, अशा निसर्गरम्य ठिकाणी प्रवाशांची सोय व्हावी हा त्यामागचा हेतू आहे. हेतूविषयी वाद नाही. मात्र अशा मुक्कामाचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न धोरणाच्या प्रारंभीच विचारावयास हवा. त्यासाठी मुक्ताईनगरसारखे उदाहरण शोधून सापडणार नाही.

पूर्वी एदलाबाद या नावाने ओळखले जाणारे हे गाव सुरत-नागपूर महामार्गावर आहे, आणि बऱ्हाणपूर-इंदूरकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. जवळच चांगदेव येथे तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे. संगमाच्या खाली १९८२ मध्ये पूर्ण झालेल्या, एक्केचाळीस दरवाजांच्या हतनूर धरणाचा फुगवटा हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांनी गजबजतो. तालुक्यातील वढोदा वनक्षेत्रात मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि मेळघाटाकडून यावलच्या रानाकडे जाणाऱ्या वाघाची ती वाट आहे. मुंबई-पुण्याच्या प्रवाशाने फिरते घर घेऊन यावे, असे सारे काही येथे आहे.

मुक्कामाची जुनी रीत

परंतु उघड्या माळावर मुक्काम करणे ही गोष्ट मुक्ताईनगरला कोणी नव्याने शिकवावी अशी नाही. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत मुक्ताई-चांगदेवाची यात्रा भरते, तेव्हा खानदेश, वऱ्हाड आणि मध्य प्रदेशातून दिंड्या येतात. वैशाख वद्य दशमीला मुक्ताईच्या अंतर्धानाचा सोहळा होतो. पुढे ज्येष्ठात मुक्ताईची पालखी पंढरीकडे निघते. बुलढाणा, जालना, बीड या जिल्ह्यांतून जाणारी ही वाट सुमारे महिनाभराची आहे. दिंडीबरोबरच्या मालमोटारीत तंबू, भांडी, शिधा आणि पाण्याची टाकी असते; रोज सायंकाळी नवे गाव वसते आणि पहाटे ते उठते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे पादुका एसटी बसने न्याव्या लागल्या, तेव्हा या फिरत्या गावाची किंमत वाटेवरच्या दुकानदारालाही कळली.

या वारकऱ्याच्या गरजा आणि कॅराव्हॅनमधून येणाऱ्या प्रवाशाच्या गरजा ताडून पाहिल्या, तर दोन्ही याद्या जवळजवळ सारख्याच निघतात. पाण्याचा नळ, शौचालय, रात्रीचा दिवा, झाडाची सावली आणि चिखल न होणारी सपाट जागा. भेद आहे तो पैसे मोजण्याच्या ऐपतीचा. शासनाच्या सवलती ज्या यादीसाठी आहेत तीच यादी वारकरी पिढ्यान्‌पिढ्या मागत आला आहे. फक्त त्याच्या मागणीला ‘पर्यटन’ हे नाव नव्हते.

हिशेबाची बाजू

अर्थशास्त्राच्या दृष्टीने फिरत्या घराचा प्रवासी हा काहीसा अवघड पाहुणा आहे. त्याला खोली नको, कारण बिछाना बरोबर आहे. खाणावळ नको, कारण चूल बरोबर आहे. हॉटेलात उतरणारा प्रवासी जो पैसा गावात सोडतो, त्याचा मोठा भाग या प्रवाशाच्या बाबतीत गावात येतच नाही. दूध, भाजी, केळी आणि भरताची वांगी यांची खरेदी सोडली, तर गावाला मिळावयाचे ते जागेचे भाडेच. ते भाडे खासगी वाहनतळाच्या मालकाकडे गेले, तर गावाच्या वाट्याला केवळ धूळ उरेल.

त्याहून गंभीर प्रश्न सांडपाण्याचा आहे. फिरत्या घरातील शौचालयाची टाकी कुठे तरी रिकामी करावीच लागते. तिची शास्त्रशुद्ध सोय नसेल, तर ती ओढ्यात रिकामी होते आणि ओढा तापीला मिळतो. हाताने मैला उपसण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे. तेव्हा हे काम कोणा गरिबाच्या अंगावर टाकून मोकळे होणेही शक्य नाही. ज्या वाहनतळाच्या आराखड्यात ही व्यवस्था नाही, त्याला सवलत देणे म्हणजे एकाच्या सुटीचा खर्च नदीकाठच्या गावांकडून वसूल करणे होय.

अमेरिकेतील अनुभव येथे उपयोगी पडावा. तेथील राज्यांच्या उद्यानांत मोटारीमागे फिरते घर जोडून येणाऱ्या कुटुंबांसाठी आखीव जागा असतात. त्यांपैकी कित्येक उद्यानांची उभारणी १९३३ ते १९४२ या काळात, महामंदीतील बेकार तरुणांच्या हातून, सरकारी खर्चाने झाली. तेथे टाकी रिकामी करण्याची जागा ठरलेली असते, मुक्कामाच्या दिवसांवर मर्यादा असते, आणि जागेची देखभाल करण्याच्या मोबदल्यात एखादे कुटुंब तेथे विनाभाडे राहते. जमीन मात्र सार्वजनिक असते, आणि तिच्यावर श्रीमंताच्या प्रशस्त गाडीशेजारी मजुराचा साधा तंबूही उभा राहू शकतो. अमेरिकेचे अनुकरण करावयाचे असेल, तर गाडीच्या आधी या सार्वजनिक जमिनीचे करावे.

वर्षभराचा वापर

खानदेशचा उन्हाळा पाहता केवळ पर्यटकांसाठी बांधलेला तळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच चालेल आणि उरलेले आठ महिने गुंतवणूक उन्हात तापत पडेल. याउलट तोच तळ सर्वांसाठी खुला असेल, तर हिवाळ्यात पक्षिनिरीक्षक, माघात यात्रेकरू, वैशाखात सोहळ्याला येणारे भाविक आणि ज्येष्ठात पालखीचे वारकरी, असा त्याचा क्रम लागतो. हिवाळ्यातील भाड्यातून नळ आणि शौचालये सुस्थितीत राहतील, आणि त्यांचा उपयोग यात्रेत विनामूल्य होईल. यात्रेची सारी गर्दी एका तळावर मावणार नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु म्हणून पहिला नळच बसवू नये, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

अर्थात हा तळ वाघाच्या वाटेवर असता कामा नये. रात्रीचे दिवे आणि गाड्यांची घरघर यांना रानात स्थान नाही. त्यासाठी महामार्गालगतची, गावाजवळची जागा योग्य. मात्र रानाच्या नावावर मिळणाऱ्या उत्पन्नात रानाकाठच्या गावांचा हिस्सा हवा, कारण रानडुकराने उकरलेले शेत आणि वाघाने मारलेली गाय यांचा भार तीच गावे सोसतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘संवर्धन राखीव’ हा प्रकार आला, तेव्हा अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीला स्थान देण्यात आले. ही समिती सल्ला देणारी आहे. भाड्याचा ठरावीक वाटा या समितीमार्फत गावांसाठी खर्च व्हावा, अशी तरतूद शासनाला करता येण्यासारखी आहे. ज्याला वाघाच्या शेजाराचा तोटा आहे त्याला त्याचा काही नफाही मिळाला, तरच तो शेजार टिकेल.

सवलतींचे धोरण कागदावर आखणे सोपे असते. सवलत कोणाकडून निघून कोणाकडे जाते हे पाहणे कठीण. मुक्ताईनगरला फिरती घरे जरूर यावीत. पण त्यांच्यासाठी घातलेल्या कुंपणाबाहेर माघातला यात्रेकरू घागर घेऊन उभा राहणार असेल, तर ते धोरण पर्यटनाचे ठरेल, लोकांचे ठरणार नाही. नळ एकच असावा आणि तो दोघांसाठी असावा, एवढीच अपेक्षा आहे.