गाडी कधी तापते, ते आधी बघा

आज बोलायचंय गाडीबद्दल. हे आपलं काम नाही, असं म्हणू नका. रोज कुकर लावणाऱ्या बाईला न कळण्यासारखं यात काही नाही.

आमच्या बचत गटाने कर्ज काढून एक जुनी व्हॅन घेतली. मागे ओटा, शेगडी आणि पाठ टेकायला दोन फळ्या बसवल्या. जत्रेत झुणका-भाकर विकायची आणि रात्री गाडीतच मुक्काम करायचा, असा बेत. पण पहिल्याच महिन्यात वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात सीट खालून तापायला लागली, कारण इंजिन सीटखालीच आहे. काटा लाल पट्ट्यात गेला. आमच्यातल्या एका ताईंनी घाईने रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी हातावर आलं. त्यांचा हात बरा व्हायला महिना गेला.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो. गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही. ते झाकण कुकरसारखं दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी 100 अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण निघालं की दाब जातो आणि पाणी उसळून बाहेर येतं. काटा चढला तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, हँडब्रेक लावून चाकामागे दगड ठेवा. निदान पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

पुढची चूक आम्ही गॅरेजमध्ये केली. "गाडी तापते" एवढंच सांगितलं. त्यांनी पाण्याचा पंप बदलला. दोन महिन्यांची बचत त्यात गेली आणि पुढच्या फेरीला गाडी पुन्हा तापली. मग एका जुन्या मिस्त्रींनी विचारलं, "ताई, तापते कधी?" खरं निदान या प्रश्नातच आहे.

गर्दीत उभी असताना तापते आणि चालू लागली की गार होते? मग पंखा बघा. वायर, फ्यूज, मोटर यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. चालत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंख्याचा आधार.

उभी असताना ठीक, पण चढावर तापते? मग रेडिएटर चोंदला असण्याची शक्यता जास्त. बाहेरून चिखल-किडे, आतून क्षार.

सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर, पण रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप गारच? मग थर्मोस्टॅट, म्हणजे गरम पाण्याला वाट देणारी झडप, अडकलेली असू शकते. पाइप तपासायला इंजिन बंद करा, आणि हात जपून लावा.

पाणी सारखं कमी होतं? रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी ओला दिसला तर गळती आहे. पुठ्ठा कोरडा, पण धूर पांढरा आणि ऑइल दुधाळ चहासारखं झालेलं, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्या. मग गाडी चालवू नका, ओढून न्या. नाहीतर अख्खं इंजिन जाईल.

आमची गाडी फक्त चढावर तापत होती. रेडिएटर उघडला तर आत पांढरा थर, बोअरच्या पाण्याने पातेल्याला बसतो तसाच. आम्हीच वर्षभर बोअरचं पाणी भरत होतो! रेडिएटर साफ करून घेतला, जुनं झाकण बदललं. आता कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचं मिश्रण भरतो. पाचगणी सुमारे 1300 मीटर उंचीवर आहे. तिथे उघडं पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून झाकण घट्ट बसणारं हवं.

गटाच्या हिशेबाच्या वहीत आम्ही आता गाडीचंही पान ठेवलंय. काटा कधी चढला, रस्ता कसा होता, पाणी किती घातलं, सगळं लिहितो. गॅरेजमध्ये जाताना वही बरोबर नेतो. पंपाला गेलेले पैसे परत आले नाहीत, पण त्यानंतर अंदाजाने एकही पार्ट बदललेला नाही. तुमच्या गटाची गाडी असेल तर उद्या सकाळी, ती गार असतानाच, झाकण उघडून पाणी बघा आणि वहीतली पहिली ओळ लिहा.