सहा फुटांचे पिल्लू

वासराचे पाय आणि हाडपेर पाहून पुढे बैल केवढा होईल हे जाणता शेतकरी सांगतो, आणि बहुधा ते खरे ठरते. हाच हिशेब समुद्रातल्या एका पिल्लाला लावला तेव्हा काय गंमत झाली, ती ऐका.

नदीतली वाम तुम्ही पाहिली असेल. सापासारखी लांब, हाताला बुळबुळीत. युरोपातल्या नद्यांतही वाम असते, पण तिची पिल्ले जन्मतात दूर अटलांटिक समुद्रात. पिल्लू आईसारखे मुळीच दिसत नाही. बांबूच्या पानासारखे चपटे, काचेसारखे आरपार, लांबी फार तर तीन इंच. डेन्मार्कचे योहानेस श्मिट यांनी वर्षानुवर्षे जाळी टाकून ही जन्मभूमी हुडकली.

हेच श्मिट १९२८ ते १९३० या काळात ‘डाना’ जहाज घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. १९३० मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ त्यांच्या जाळ्यात असेच एक पान आले. मापले, तर १ मीटर ८४ सेंटिमीटर! म्हणजे सहा फूट.

तीन इंचांच्या पिल्लाची दोन-अडीच फूट वाम होते, मग सहा फुटांच्या पिल्लाची केवढी? त्रैराशिक मांडा, उत्तर येते पन्नास-साठ फूट. खलाशी ज्या अजस्र सागरी सापाच्या गोष्टी सांगत, तो हाच की काय! त्या सफरीत असलेले आंतोन ब्रून यांनी पुढे १९५० ते १९५२ मध्ये ‘गालाथिआ’ जहाजावरून खोल समुद्र धुंडाळला. मनात ही आशा होतीच. साप काही मिळाला नाही.

पिल्लू मात्र कोपनहेगनच्या संग्रहालयात जपून ठेवले गेले. असे नमुने आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मग अल्कोहोलमध्ये ठेवतात. आरपार अंग पांढुरके होते. अल्कोहोल उडत राहते, म्हणून बरण्या पाहून भर घालावी लागते. लोणच्यावर तेल राखावे तसेच. सोबत चिठ्ठी हवी: कुठे, केव्हा, किती खोल सापडले. चिठ्ठी हरवली की निम्मा नमुना गेला म्हणा.

आणि हे सारे कशासाठी? बैलाचे वय दातांवरून काढतात, तशी या पिल्लांचीही खूण असते. अंगावर मांसाचे बारीक पट्टे ओळीने असतात. ते मोजून मोठ्या माशाच्या मणक्यांशी ताडतात. रूप पार बदलले तरी ही मोजणी जुळते.

१९७० मध्ये डेव्हिड स्मिथ या अमेरिकन अभ्यासकाने अशा लांबलचक पिल्लांची शरीररचना तपासून दाखवले, की ती वामेची नव्हेतच. वामेच्या भाऊबंदांपैकी, खोल समुद्रातल्या दुसऱ्याच कुळाची आहेत. त्रैराशिक चुकले नव्हते, वासरूच भलत्या गाईचे होते!

या कुळाची रीतही उलटी. बहुतेक सारी लांबी पिल्लूपणीच गाठायची. रूप बदलताना अंग उलट आखूड होते, आणि त्यानंतर मासा फारसा वाढत नाही.