ध्यानाला श्रद्धेची अट नाही, शीलाची आहे

ईश्वर किंवा पुनर्जन्म न मानता बुद्धाचा मार्ग आचरता येतो. मात्र त्यातले शील गाळून चालत नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीत १० दिवसांचे विपश्यना शिबिर पंचशीलाने सुरू होते. मग श्वासाचे आणि त्यानंतर शरीरावरच्या संवेदनांचे निरीक्षण. दिवसभर खोटे बोलणाऱ्याचे मन डोळे मिटल्याने शांत होत नाही. पुनर्जन्म वगळला तर धम्म पोकळ होतो, असा आक्षेप घेतला जातो. पण डॉ. आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला आणि नीती हाच धम्माचा गाभा ठरवला. म्हणून रोजच्या २० मिनिटांच्या ध्यानाची खरी कसोटी उरलेल्या दिवसात लागते: रागाच्या भरात लिहिलेला मेसेज पाठवण्याआधी आपण थांबतो का?