कार्यकर्त्याच्या घरची चूल

मुंबईत गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीच्या चढावर नागरी निवारा परिषदेची वसाहत आहे. कमाल नागरी जमीन धारणा कायदा 1976 साली आला. अतिरिक्त ठरलेली जमीन सामान्यांच्या घरांसाठी वापरली जावी, हा त्यामागचा हेतू. तो कागदावर राहू नये म्हणून मृणाल गोरे, प. बा. सामंत आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे झगडले, तेव्हा कुठे इथे हजारो कुटुंबांना परवडणारी घरे मिळाली. बांधकामाचा हिशेब ठेवता येतो. पण जमिनीसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांचा, फॉर्म भरून घेणाऱ्यांचा, सभासदांना धीर देणाऱ्यांचा वेळ कोणत्या खात्यात मांडायचा? वस्तीपातळीवरच्या कामाचा खरा खर्च तोच असतो, आणि त्यालाच देणगी मिळत नाही.

रुळांच्या पलीकडे, गोरेगाव पश्चिमेला, केशव गोरे स्मारक ट्रस्ट आहे. समाजवादी कार्यकर्ते केशव तथा बंडू गोरे 1958 साली गेले. त्यांच्या पत्नी मृणालताई 1961 मध्ये महापालिकेत निवडून आल्या आणि पाण्याच्या लढ्यामुळे पुढे ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेल्या. केशवरावांच्या नावाच्या या ट्रस्टच्या आधाराने अनेक कामे उभी राहिली. संकटातल्या स्त्रियांसाठी 1983 साली सुरू झालेले ‘स्वाधार’ हे त्यांतले एक. अशा केंद्राला लागते काय? एक खोली, दोन खुर्च्या, कुलूप लागणारे कपाट, आणि ठरल्या दिवशी हटकून हजर असणारी ताई. खोली कोणीतरी देते, खुर्च्याही येतात. ताईचे मानधन मात्र दर वर्षी नव्याने मागावे लागते. नवऱ्याच्या माराला कंटाळून आलेल्या बाईला पहिल्या भेटीत सगळे सांगता येत नाही. ती पुन्हा येते, महिन्यांनी येते, तेव्हा समोर तीच ओळखीची ताई असली पाहिजे. रुग्णवाहिकेवर दात्याचे नाव रंगवता येते. या भेटीवर कुठे रंगवणार?

पैसा कुणाचा, हेही गोरेगावच्या याच मंडळींनी महाराष्ट्राला विचारायला लावले. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाला बिल्डर देणग्या देत होते. सामंत आणि इतरांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. सिमेंटचे वाटप आणि देणग्या यांचा संबंध असल्याचा निर्णय न्या. लेंटिन यांनी जानेवारी 1982 मध्ये दिला आणि अंतुलेंना पायउतार व्हावे लागले. सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या पावतीपुस्तकाकडे लोकांनी बारकाईने पाहावे, हे तेव्हापासून मला फार मोलाचे वाटते.

आज पैशाला तोटा नाही, वाट अवघड आहे. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकामावर खर्च करणे भाग पाडले. ती मिळवायची तर संस्थेची नोंदणी हवी, लेखापरीक्षण हवे, प्रस्ताव हवा. शेजारच्या कुरारच्या चाळीत अभ्यासिका चालवणाऱ्या पोरांकडे यातले काही नसते. पूर्वी मोठी संस्था परदेशी निधी घेऊन त्यातला वाटा छोट्या संस्थेला देऊ शके. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने ते बंद झाले. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 वरून 20 टक्क्यांवर आली. अशा वेळी मधली, ओळखीची, स्थानिक संस्थाच उपयोगी पडते. पोरे खरी आहेत की नाही, हे तिला अहवालावाचून कळते.

मानधनाच्या प्रश्नावर महाराष्ट्राने एकदा सुरेख उत्तर शोधले होते. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. नामवंत कलावंतांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले. जमलेली रक्कम मुद्दल म्हणून ठेवली आणि तिच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन दिले जाऊ लागले. रक्कम थोडी होती, पण ती माणसाला होती, प्रकल्पाला नव्हती. प्रकल्प संपला म्हणून कार्यकर्ता रस्त्यावर येत नव्हता.

दिंडोशीला हे जमण्यासारखे आहे. 2 जुलै 2019 च्या मध्यरात्री जवळच्याच पिंपरीपाड्यात जलाशयाची भिंत झोपड्यांवर कोसळली. अशा घटनेनंतर मदत धावून येते, ती यावीच. पण पुनर्वसनाचे अर्ज, पुरावे, तारखा यांच्यामागे वर्षानुवर्षे राहायला माणूस लागतो. एका वस्तीला एक माणूस धरला, तरी त्याच्या मानधनासाठी काही इमारतींनी मिळून घरटी महिन्याला थोडी रक्कम बाजूला काढणे अशक्य नाही. हिशेब नोंदणीकृत ट्रस्टने ठेवावा, धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर द्यावा आणि वस्तीतल्या सभेत मोठ्याने वाचूनही दाखवावा. मानधन कुणाला द्यायचे, हे ठरवताना वस्तीतल्या बायकांना मत असावे. सोसायट्यांच्या पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घालावा, एवढी माझी दिंडोशीकरांना विनंती आहे.