न दिसलेलें लक्ष्य

श्रावणकुमाराची कथा आपल्या घरोघरीं मातृपितृभक्तीचा धडा म्हणून सांगितली जाते. आम्हींहि नंदुरबारास अध्यापन करीत असतां ती वर्षानुवर्षें तशीच शिकविली. गेल्या दिवाळींत सैन्यांतून रजेवर आलेला एक जुना विद्यार्थी नमस्कारास आला. बोलतां बोलतां तो म्हणाला, "गुरुजी, दशरथाचा नेम अचूक होता, पण लक्ष्य दिसल्यावांचून त्यानें बाण सोडला. आमच्याकडे ही पहिली चूक." आम्ही निरुत्तर झालों.

मग त्यानें खऱ्या गोळ्यांच्या सरावाचे नियम सांगितले. शस्त्र सदैव भरलेलेंच मानावें. नळीचें तोंड लक्ष्याकडेच असावें. लक्ष्य आणि त्याच्या मागें काय आहे, हें पाहिल्यावांचून चापावर बोट नेऊं नये. मैदानावर तांबडें निशाण असेपर्यंत कोणीं पुढें जाऊं नये. धोका दिसतांच धाकट्यांतल्या धाकट्या शिपायानेंहि 'थांबा' म्हणावें, आणि सर्वांनीं थांबावें. बार उडाला नाहीं, तर नळी तशीच रोखून वाट पाहावी. दारू उशिरांहि पेटते.

हें सारें कशासाठीं, तें आपल्याच प्रांतांत दिसून आलें आहे. 10 ऑक्टोबर 2024 रोजीं नाशिकजवळ देवळाली येथें तोफेच्या सरावांत गोळा फुटून दोन तरुण अग्निवीर मृत्युमुखी पडले. तेथें युद्ध नव्हतें, शत्रूहि नव्हता.

नियम केवळ शिपायांपुरते नाहींत. 1938 च्या कायद्यान्वयें सरावाचें क्षेत्र अधिसूचित होतें, लोकांस आगाऊ सूचना मिळते व नुकसानीची भरपाईहि मागतां येते. परंतु न फुटलेला गोळा रानांत पडून राहतो. अहिल्यानगरजवळील सरावक्षेत्राच्या परिसरांत भंगारासाठीं असे गोळे उकलतांना माणसें दगावलीं आहेत. अशा वस्तूस हात न लावतां पोलिसांस कळवावें, हें मुलांस घरींच शिकविलें पाहिजे.

आमचा नातू एन. सी. सी. मध्यें आहे. त्याच्या लहान रायफलीची गोळी 25 मीटरवरील कागद भेदते खरी, पण वाटेंत अडली नाहीं तर एक किलोमीटरहून दूर जाते. शिबिराहून तो परतला कीं "किती नेम लागले?" एवढेंच आम्ही विचारीत असूं. आतां आधीं विचारतों, "लक्ष्याच्या मागें काय होतें?" परवां त्यानें क्षणभर आठवून सांगितलें, "मातीचा उंच बांध, आजोबा." मगच आम्हीं गुण विचारले.